तिवईवरची सून

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले की माझा पाय घरात ठरत नाही. गुडघे दुखत असले तरी मी कठड्याला धरून धरून गच्चीवर जाते. तळेगावात आता भाताची खाचरं राहिली आहेत किती! तरी मावळाच्या अंगानं वारा आला की कापलेल्या भाताचा, ओल्या पेंढ्याचा वास येतो म्हणजे येतोच. नातसून मागोमाग शाल घेऊन येते. "आजी, वारा लागेल." मी म्हणते, मला काय लागतोय वारा! त्याची नि माझी ओळख तुझ्या सासूच्या जन्माआधीची आहे.

परवा गुडघे दाखवायला डॉक्टरकडे नेलं मला. कालचं पोर ते, मिसरूडसुद्धा नीट नाही. गोळ्या लिहून झाल्यावर माझ्याकडे न बघता मुलाकडे बघून म्हणाला, "ह्यांना हसतं ठेवा. म्हातारपणी हसणं फार चांगलं असतं. छाती मोकळी होते, भूक लागते, झोप येते." मुलगा मोठी मान डोलावत होता. मला आला राग. म्हटलं, "बाळा, हे तू मला सांगतोस होय? ह्या परीक्षेत मी तुझा बाप शाळेत नव्हता तेव्हा पास झालेय." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी विनोदी आहे.

पण घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं. आमचे हे जाऊन सहा महिने झाले, तेव्हापासून घरात सगळे माझ्याभोवती चवड्यांवर चालतात. पतवंडं खिदळायला लागली की नातसून डोळे वटारते, "शू! पणजी झोपलीय." पणजी जागी असते हो, टक्क जागी. हीच चूक मी केली होती, अशीच मायेपोटी. म्हणून म्हटलं, एकदा ती सुगी सांगून टाकावी. तिच्यातली एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, ह्यांनासुद्धा नाही.

साल धरा पस्तीस-छत्तीसच्या सुमाराचं. माझे वडील तळेगाव स्टेशनावर पॉइंट्समन होते. मी मराठी चौथी झालेली, गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेली, आणि मला दिलं लोणावळ्याच्या अलीकडच्या एका गावात, भाताच्या खाचरांत. गाव चाळीस उंबऱ्यांचं. चारी बाजूंनी डोंगर, मधे आंबेमोहोर. कार्तिकात भात पिकलं की सबंध गावाला त्याचा वास सुटायचा. लोणावळ्याच्या बंगल्यांत हवा खायला आलेले मुंबईचे शेठ टांगे थांबवून विचारायचे, "कुणाकडे काय शिजतंय?" अहो, शिजत नव्हतं काही, नुसतं उभं होतं! असं आमचं भात. अजून माझी छाती फुगते.

सुगीत गावाची रीत होती सावडीची. आज तुमच्या खळ्यावर आम्ही, उद्या आमच्या खळ्यावर तुम्ही. खळं म्हणजे शेणानं सारवून आरशासारखं गुळगुळीत केलेलं अंगण, मधोमध तिवडा रोवलेला. तिवडा म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. त्याच्या टोकाला एक लाल चिंधी बांधायची. वारा कुठून येतो ते चिंधी सांगते. भात झोडून, मळून झालं की एकानं तीन पायांच्या उंच तिवईवर उभं राहायचं, पाटी डोक्याच्या वर धरायची आणि भात हळूहळू खाली सोडायचं. दाणा सरळ पायाशी पडतो, भूस वाऱ्याबरोबर लांब जातं. ह्याला उफणणं म्हणतात.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून पाटी उचलली ती वाऱ्याकडे तोंड करूनच. डोळे, नाक, तोंड, सगळं भुसानं भरलं. आमचे सासरे, सगळं गाव त्यांना आबा म्हणे, तिथंच तीन हातांवर बसलेले. पण सून सासऱ्याशी बोलत नसे आणि सासरा सुनेशी बोलत नसे. त्यांनी शेजारी बसलेल्या सासूबाईंना सांगितलं, मला ऐकू जाईल असं, "तिला म्हनावं, आदी चिंधीकडं बघावं, मंग पाटी उचलावी. सकाळचं वारं खालनं येतंय, दुपारच्याला फिरतंय आन घाटाकडनं येतंय." सासूबाईंनी तोंड माझ्याकडे वळवून तेच शब्द पुन्हा सांगितले. मी म्हटलं, "बरं, आत्याबाई." असा आमचा तारखात्याचा कारभार.

मी हुशार होते, उगाच कशाला विनय दाखवू! दोन सुग्यांत मी वारा असा शिकले की चिंधी न बघताही नुसत्या मानेवरच्या केसांवरून सांगायची.

आबा मोठे हसणारे. पण ते हसायचे ते फक्त धोंडीमामा आले की. धोंडीमामा म्हणजे आत्याबाईंचे धाकटे भाऊ, कुरवंड्याचे. दाजी नि मेव्हणा हे आमच्याकडे थट्टेचं नातं. काही नात्यांत थट्टा चालते, काहींत चालत नाही, आणि जिथं चालते तिथं नाही केली तर लोक म्हणतात, ह्यांचं बिनसलंय. ह्या दोघांचं चाळीस वर्षं कधी बिनसलं नव्हतं. दरसाल मळणीला मामा कुरवंड्याहून चालत यायचे आणि बांधावरूनच हाळी द्यायचे, "दाजीऽऽ! हायस का गेलास?"

आबा खळ्यावरून ओरडायचे, "तुला पोचिवल्याबिगर कुटं जातूय!"

मग दिवसभर दोघं घोंगडीवर बसून एकमेकांचे वाभाडे काढायचे. त्यांचं ऐकत ऐकत झोडणाऱ्यांचे हात चालायचे, आणि शेजारच्या खळ्यांवरचे म्हातारे काठ्या टेकत आमच्याकडे यायचे. दुसऱ्यांची झोडणी दिवस मावळेपर्यंत रेंगाळे, आमची उन्हं असतानाच उरके. गावात म्हणायचे, ह्यांच्या खळ्यावर दोन गडी जास्तीचे असतात, आणि दोघंही बसून.

माझ्या चौथ्या सुगीच्या आधी, भाद्रपदात, आत्याबाई तापानं गेल्या. आठ दिवसांत खेळ संपला. आबा रडले नाहीत. ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच. घराची सगळी सूत्रं माझ्या हातात आली, आणि मी कामाला लागले. काय केलं असेल मी? घर गप्प केलं! दुखवट्याचं घर, मान राखला पाहिजे. चुलत दिरांची पोरं हसली की धपाटा. जाऊबाई माझ्याहून धाकटी, जात्यावर गुणगुणली तर मी तिला डोळ्यांनी दटावलं. शेजारीपाजारी येऊन म्हणायचे, "सून लय गुनाची, म्हाताऱ्याला कसला तरास म्हनून न्हाई." मी फुशारून जायची.

इकडे आबा उतरत चालले. दसऱ्याला अर्धी भाकरी, दिवाळीत पाव. मग नुसती पेज, तीही दोन घोट. खोकला धरला, तो बाहेर पडेना. उंच माणूस, दारातून वाकून यायचा. तो वाकल्याशिवाय येऊ लागला तेव्हा मी ह्यांना म्हटलं, वैद्य आणा. ह्यांनी लोणावळ्याहून एका वैद्यांना आणलं. त्यांनी नाडी पाहिली, छातीला कान लावला आणि ओटीवर येऊन बसले.

"रोग म्हणावा तर काही नाही," ते म्हणाले. "पण हे पुरता श्वासच घेत नाहीत. मोठ्यानं बोलणं नाही, ओरडणं नाही. छाती वापरात नाही म्हणून कफ धरलाय, आणि वापरात नाही म्हणून भूकही नाही. घरात काही हसणं-खेळणं आहे का?"

मी दाराआडून ठसक्यात सांगितलं, "छे! कुणाची बिशाद नाही!"

वैद्यांनी दाराकडे बघितलं. मग ह्यांना हळूच म्हणाले, "मग थंडी काढतील असं वाटत नाही."

अगं बाई! माझ्या गुणांनी मी माणूस मारत आणला होता. चुलीपाशी जाऊन बसले आणि पदरात तोंड खुपसून रडले. रडून झाल्यावर पोरांना ओटीवर पाठवलं, "जा, आबांसमोर हसा." पोरं बिचारी भेदरलेली, रांगेत उभी राहून ही ही ही करायला लागली. आबांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. आज लोक बागेत गोल करून हसतात ते पाहिलं की मला ती पोरं आठवतात. त्यांचं होतही असेल भलं, मी नाव ठेवत नाही. पण आमच्या आबांना फर्माशी हसू चालणारं नव्हतं.

मळणी आली. सावडीची माणसं आली. धोंडीमामा आले नाहीत. आबांना धरून खळ्यावर आणून बसवलं होतं. पेंढी आपटल्याचा आवाज थांबला की त्यांची मान बांधाकडे वळायची, हे मी पाहिलं. त्यांना वाटत असेल की कुणी पाहत नाही. मी त्याच संध्याकाळी ह्यांच्या मागे लागले, "उद्या पहाटे कुरवंड्याला जा. मामांना आणा."

"ते न्हाई म्हनत्यात. कालच सांगावा धाडला व्हता," हे म्हणाले. "म्हनाले, भन गेली, आता कंच्या तोंडानं तितं थट्टा करू?"

"त्यांना म्हणावं, थट्टा करू नका. नुसते येऊन बसा."

दुसऱ्या दिवशी मामा आले. पण कसे आले! बांधावर उभे राहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. हाळी नाही. चपला काढल्या, घोंगडीवर आबांच्या शेजारी येऊन बसले. आबा म्हणाले, "आलास." मामा म्हणाले, "आलो." एवढंच. मग दोघं समोर बघत बसले. जेवणवेळ जवळ आली. मी सुपानं दाणे पाखडता पाखडता पुन्हापुन्हा बघत होते. दोघंही एकमेकांची लाज राखत होते. एकाला वाटत होतं, ह्याची बायको गेलीय. दुसऱ्याला वाटत होतं, ह्याची बहीण. चाळीस वर्षांची लुटुपुटीची भांडणं दोन माणसांच्या भिडेपायी मरत होती, आणि त्यांच्याबरोबर माझे आबाही.

तिवईवर हे उफणत होते. सकाळभर वारा खालून येत होता, भूस घाटाच्या अंगाला चाललं होतं, आणि म्हातारे होते दुसऱ्या बाजूला, सुरक्षित. दुपार भरली. चिंधी लोंबली. वारा पडला की उफणणारा खाली उतरतो, पाणी पितो, नवा वारा धरला की तिवई फिरवून उभा राहतो. तसे हे उतरले आणि विहिरीकडे गेले. बाकीची माणसं झाडाखाली टेकली.

आता गावात ही गोष्ट जशी सांगतात तशी आधी सांगते. तळेगावची सून, इस्टेशनावर वाढलेली. नवरा पाणी प्यायला गेला तेवढ्यात हिला आला कामाचा पुळका. सासऱ्यापुढं खाटेवर बसायचं नाही अशा घरातली बाई पदर खोचून चढली तिवईवर! पाटी भरून घेतली, वर धरली आणि दिली सोडून. तेवढ्यात फिरला वारा. घाटाकडून आला तो भसकन, आणि सगळं भूस, पोकळ दाणे, कुसं, धूळ, अख्खी पाटी त्या दोन म्हाताऱ्यांच्या अंगावर.

इथपर्यंत गाव बरोबर सांगतं.

जाऊबाईंनी तोंडावर पदर धरला. हे हातातला तांब्या टाकून विहिरीवरून धावत आले. मी तिवईवर पुतळ्यासारखी उभी. ते दोघं डोक्यापासून पायापर्यंत पिवळेधमक, भुवया भुसाच्या, मिशा भुसाच्या, पागोट्यांवर भुसाचे ढीग. मामांनी एका डोळ्यातलं कूस काढलं. आबांकडे वळून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आरं तिच्या मारी," ते म्हणाले, "ह्यो कोन म्हातारा बसलाय माज्या बाजूला?"

आबांच्या मिशीतलं भूस हललं. आतून खरखरीत आवाज आला, दोन महिने न वापरलेला.

"वळाकलं न्हाईस? तुजा बा!"

आणि मग ते हसले हो! आधी नुसते खांदे हलले. मग घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, मग पोटातून उमाळा आला. मामा मांडीवर थाप मारत होते, "माजा बा येवडा काळा न्हवता!" आबा हसता हसता खोकायला लागले, असे खोकले की आम्ही घाबरलो. मामांनी पाठीत धपके घातले, वैद्यांच्या काढ्यांनीही न सुटलेला कफ सुटला, आबांनी बाजूला तोंड करून तो थुंकला आणि भरभरून श्वास घेतला. लोहाराचा भाता फुंकावा तसा आवाज मला तिवईवर ऐकू आला. मग डोळे पुसले. ते पाणी कशाचं होतं कुणास ठाऊक. हसण्याचं तर होतंच, पण आत्याबाईंचंही असणार. भाद्रपदापासून अडलेलं सगळं एकदमच वाहिलं.

"भाकर हाय का न्हाई ह्या घरात?" आबा कुणाकडेही न बघता म्हणाले.

मी तिवईवरून उडी मारली. दीड भाकरी खाल्ली त्यांनी, मिरचीचा ठेचा लावून, भुसासकट. त्या दुपारी घोंगडीवरच आडवे झाले आणि उन्हं उतरेपर्यंत घोरले.

माझ्या नावाचा डांगोरा काय पिटला गेला म्हणून सांगू! मामा जो भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या दाजीची सून तळ्यागावची. तिला इंजिनाचा धूर कुटं जातूय ते ठावं, वारं कुटनं येतंय ते न्हाई ठावं." बायका पाणवठ्यावर वाट देताना म्हणायच्या, "सरा गं, वारं बघून सरा, तळ्यागाववाली आलीय." ह्यांनी तर जन्मभर माझ्या हातात पाटी दिली नाही. मी म्हणायची, हसतील त्यांचे दात दिसतील. आबांना तर दातही नव्हते, नुसत्या हिरड्या दिसायच्या, आणि त्या दिसाव्यात म्हणून मी वाट्टेल ते ऐकून घेतलं असतं.

आबा त्यानंतर पाच सुग्या जगले. वैद्य पुढच्या वर्षी कुणा दुसऱ्याला बघायला गावात आले, तेव्हा आबांना बांधावर विळा घेऊन उभे बघून त्यांनी टांगा थांबवला. खळ्यावरच्या एका घोंगडीच्या चार घोंगड्या झाल्या. आसपासच्या खळ्यांवरचे सात-आठ म्हातारे आणि दोन म्हाताऱ्या जेवणवेळेला आमच्याकडे यायच्या, का तर भूस उडताना बघायला! त्यांच्यातलं कुणीच त्या वर्षांत अंथरुणाला खिळून राहिलं नाही. औषधानं की आंबेमोहोरानं की हसण्यानं, ते देवाला माहीत. आमच्या गावाच्या म्हाताऱ्यांचा आवाज मात्र पलीकडच्या वाडीपर्यंत जायचा, आणि तिथले लोक मत्सरानं विचारायचे, "तुमच्यात रोज लगीन असतंय का?" असं होतं आमचं गाव. आज मला बागेतलं हसणं शिकवायला येतात!

आता राहिली ती गोष्ट. आबांची शेवटची सुगी. त्या साली धोंडीमामा नव्हते. उन्हाळ्यातच गेले होते. आबा म्हणाले होते, "मी म्हनलंच व्हतं, तुला पोचिवल्याबिगर जात न्हाई." हसत म्हणाले होते, डोळे पुसत. आता ते एकटेच घोंगडीवर बसत, पायांत ताकद नव्हती. दुपारची वेळ, सगळे जेवायला पांगलेले. मी पेज घेऊन गेले, वाटी खाली ठेवली आणि रिवाजाप्रमाणे तोंड फिरवून उठायला लागले.

"सूनबाई," ते म्हणाले.

नऊ वर्षांत माझ्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द. मधे आत्याबाई नाहीत, कुणी पोर नाही. मी तशीच अर्धवट वाकलेली थांबले.

"त्या साली तू तिवईवर चढलीस, तवा वारं आदीच फिरलं व्हतं."

मी पेजेची वाटी उगाच त्यांच्याकडे सरकवली.

"चिंधी घाटाकडनं फडकत व्हती. मी बगत व्हतो. तू बी बगितलीस. नीट बगितलीस, मंग तिवई जराशी सरकवलीस, आन मंग पाटी उचललीस." ते पेजेच्या वाटीकडे बघून बोलत होते. "वारं बगायला म्याच शिकिवलं व्हतं तुला. माजी शिकवन येवडी कच्ची न्हाई."

होय. मीच केलं होतं. वारा फिरलेला पाहून, तिवई सरकवून, देवाचं नाव घेऊन, सासऱ्याच्या डोक्यावर भूस ओतलं होतं. सुनेनं सासऱ्याची थट्टा करायची नसते, म्हणून पाच वर्षं गावानं दिलेलं वेडेपण अंगावर घेतलं होतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. जमीन दुभंगली तर बरं.

"धोंडी बी गेला," आबा म्हणाले. "आता थट्टेचं नातं म्हनून तू येकटीच ऱ्हायलीस मला. उद्या दुपारच्याला ती पाटी घिऊन ये. वारं बगून ये."

मी पदर सावरला. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, सासऱ्यासमोर, तोंड न झाकता, मोठ्यानं हसले.